स्थलांतर वेगळं, सुटका वेगळी

पावसाळा सुरू व्हायच्या आधी आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक नोटीस लागली. ‘रविवारी सकाळी ९ वाजता आपत्कालीन स्थलांतराची रंगीत तालीम. सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.’ मजकूर मीच लिहून दिला होता. शनिवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजी नोटिशीसमोर उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “बाई, हे स्थलांतर किती दिवसाचं आहे? सामान बांधा लागते का? अन् जाचं कुठं आहे आपल्याले?”

मी म्हणाले, “आजी, कुठंच नाही. भोंगा वाजला की जिन्यानं बाहेर पडायचं, समोरच्या मैदानात जमायचं, दहा मिनिटांत परत.”

“हे असं आहे होय. मंग मले त्या दिवशी बोटीत बसवून नेलं होतं, ते काय होतं?”

हा प्रश्न मनातून जाईना. कारण आजी म्हणत होत्या ती तारीख २३ सप्टेंबर २०२३, आणि त्या दिवशी नागपुरात जे झालं त्याला बातम्यांमध्ये कुठे ‘स्थलांतर’ म्हटलं होतं, कुठे ‘सुटका’, तर कुठे ‘सुरक्षित स्थळी हलवले’. माणसं तीच, बोटी त्याच, शब्द मात्र तीन. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बसतात असं आपण धरून चालतो. ते बसत नाहीत.

आधी आजींचं उत्तर. त्यांची झाली ती सुटका. त्या रात्री त्या अंबाझरी लेआउटमध्ये मुलीकडे होत्या. मध्यरात्रीनंतर सुरू झालेल्या पावसानं पहाटेपर्यंत शंभर मिलिमीटरचा आकडा ओलांडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना पाणी शिरलं. आजी सांगतात की पाय खाली सोडला तर चप्पल लागायच्या ऐवजी पाणी लागलं. पलंगावरून त्या डायनिंग टेबलवर चढल्या, आणि उजाडल्यावर दोन जवानांनी त्यांना खिडकीतून बोटीत घेतलं. राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दल, अग्निशमन दल आणि लष्कर अशा सगळ्यांनी मिळून त्या दिवशी शेकडो लोकांना बाहेर काढलं. मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. संकटानं आधीच गाठलं होतं, स्वतःहून निघायची वाट बंद झाली होती आणि दुसऱ्या कोणाचे तरी हात लागले, म्हणून ती सुटका.

स्थलांतर त्याच्या आधी असतं. पाणी अजून नदीत आहे, आग अजून दुसऱ्या खोलीत आहे, वादळ अजून समुद्रावर आहे. वाट उघडी आहे, पाय चालते आहेत. कोणीतरी सांगतं, ‘निघा’, आणि माणूस निघतो. इंग्रजीतल्या इव्हॅक्युएशनसाठी आपल्याकडे बातम्यांत सर्रास हाच शब्द वापरला जातो. माझी तक्रार शब्दावर नाही, त्याच्यावर लादलेल्या ओझ्यावर आहे.

कारण मराठीत ‘स्थलांतर’ या शब्दाला घाई माहीतच नाही. रोज रस्त्यानं जाताना तो आपल्याला कुठे भेटतो? बंद शटरवर चिकटवलेल्या कागदावर: ‘आमच्या दुकानाचे स्थलांतर झाले आहे’, खाली नवा पत्ता आणि बाण. शाळेच्या पुस्तकात पक्ष्यांचं स्थलांतर असतं, थंडीत येणारे आणि उन्हाळ्याआधी परत जाणारे. मेळघाटातून कामासाठी कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडतात तेही स्थलांतर, आणि मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांचंही. यातल्या एकाही ठिकाणी भोंगा नाही, धावपळ नाही. उलट बांधाबांध आहे, सामान आहे, महिन्यांचा हिशेब आहे. आजींनी ‘सामान बांधा लागते का’ विचारलं तेव्हा त्यांनी शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला नव्हता, अगदी बरोबर घेतला होता. नोटीस चुकली होती.

आणि बांधाबांध हीच तर आगीत सगळ्यात घातक गोष्ट. २ जानेवारी २०२४ ला तोक्योच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती. आतली ध्वनियंत्रणा बंद पडलेली, आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी, तरी सगळेच्या सगळे बाहेर पडले. कर्मचारी हातातल्या भोंग्यातून आणि नुसत्या आवाजानं ओरडून सांगत होते आणि लोक वरच्या कप्प्यातल्या बॅगा तिथेच सोडून घसरगुंडीवरून उतरत होते. या घटनेला ‘प्रवाशांची सुटका’ म्हटलं तर ते माझ्या मते अन्यायकारक आहे. बाहेरून येऊन त्यांना कोणी सोडवलं नाही. ते आपल्या पायांनी, शिस्तीत, रिकाम्या हातांनी बाहेर पडले. आणि ‘स्थलांतर’ म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बॅगाच येतात. इथे मराठीतलं सरळ क्रियापद हवं: ‘सगळे बाहेर पडले’.

प्रवासी विमान वापरात आणण्याआधी त्याच्या निर्मात्याला एक गोष्ट सिद्ध करावी लागते. निम्मी दारं बंद धरून, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. ‘रिकामं’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण इव्हॅक्युएशनचं मूळच ते आहे. लॅटिनमध्ये ‘व्हॅक्युअस’ म्हणजे रिकामा. व्हॅक्यूम त्याच घरातला. वैद्यकात तो शब्द पोट साफ होण्यासाठी वापरला जायचा, आजही वापरतात. त्यामुळे मूळ अर्थानं रिकामी होते ती जागा, माणसं नव्हे. इमारत, शहर, किल्ला ‘इव्हॅक्युएट’ होतो. माणसांसाठी तो शब्द खऱ्या अर्थानं घरोघरी पोचला तो दुसऱ्या महायुद्धात. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन-चार दिवसांत ब्रिटनमधल्या शहरांतून सुमारे १५ लाख लोकांना, त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलांना, खेड्यांत धाडलं गेलं. त्या मुलांना ‘इव्हॅक्यूई’ म्हणू लागले. तेव्हा बाँब पडायला सुरुवातही झाली नव्हती. म्हणून तिथेही शब्दात ‘आधी’ आहे.

मराठीनं ही दोन टोकं वेगळी ठेवली आहेत, आणि ते मला फार आवडतं. जागा आपण ‘रिकामी करतो’, माणसांना ‘हलवतो’ किंवा ‘बाहेर काढतो’, आणि माणसं आपणहून ‘बाहेर पडतात’ किंवा ‘निघतात’. कर्ता कोण आहे ते क्रियापदातच कळतं. ‘सुटका’ तर आणखी एक गोष्ट मागते: कशातून? पुरातून सुटका, तुरुंगातून सुटका, कर्जातून सुटका, रोजच्या कटकटीतून सुटका. अडकल्याशिवाय सुटका नाही. ज्याला अजून काहीही झालेलं नाही, जो चहा पीत बसला आहे आणि ज्याला ‘काका, दोन तासांत शाळेत चला’ असं सांगितलं आहे, त्याची सुटका होऊच शकत नाही.

‘हलवले’ या शब्दाबद्दल थोडं. ‘जखमींना मेयोमध्ये हलवले’, ‘रुग्णाला आयसीयूत हलवले’, ‘नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवले’. माणूस यात वस्तूसारखा येतो, तरीही जो खरंच हलू शकत नाही त्याच्यासाठी हा शब्द चोख आहे. ‘सुरक्षित स्थळी’ मात्र मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. लोक सांगतात, ‘आम्हाले मंगल कार्यालयात नेऊन ठेवलं’, ‘शाळेत झोपलो तीन दिवस’.

आता नागपूरकरांच्या खास अडचणीकडे येते, आणि ही अडचण पुण्या-मुंबईच्या लोकांना चटकन कळणार नाही. आपण ‘रिकामं करा’ म्हणत नाही. आपण म्हणतो ‘खाली करा’. भाडेकरूला ‘रूम खाली कर’, दुकानदाराला ‘डबा खाली करून द्या’, ऑटोवाल्याला ‘खाली आहे का?’ हिंदीतला ‘खाली’ इथल्या मराठीत असा मुरला आहे की आपल्याला तो हिंदी वाटतच नाही. पण प्रमाण मराठीत ‘खाली’ म्हणजे वरच्या उलट दिशा. मग भोंगा वाजल्यावर चौकीदार ओरडला, ‘बिल्डिंग खाली करा, बिल्डिंग खाली करा!’ तर आमच्या मजल्यावरचा नाशिकहून आलेला मुलगा जिन्यानं खाली उतरणार. आगीत ते योग्यच. पण पुरात? तळघरात पार्किंग आहे, गाडी काढायला लोक तिकडे पळतात, आणि पाणी सगळ्यात आधी भरतं ते तळघरात. पुरात अनेकदा वर जायचं असतं. एकच ‘खाली’ एकाला घराबाहेर आणि दुसऱ्याला पाण्यात पाठवू शकतो. तालमीच्या आधीच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा चौकीदार भाऊंनीच मार्ग सुचवला: “आग असली तर ‘बाहेर निघा’ म्हणतो, पानी असलं तर ‘वर चढा’ म्हणतो. ‘खाली’ म्हणतच नाही.” तेच ठरलं.

सरकारी मराठीत आणखी शब्द आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. ‘निष्कासन’ वाचलं की अतिक्रमणावरची कारवाई आठवते. तो शब्द संकटातल्या माणसासाठी नको. ‘निष्क्रांत’ फाळणीनंतरच्या मालमत्तांच्या कागदांत सापडतो, जे इथून निघून गेले त्यांच्यासाठी. आणि जे तिकडून इथे आले ते ‘निर्वासित’; जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांच्या आधीच्या पिढीनं हा शब्द अंगावर वागवला आहे.

‘विस्थापन’ मात्र इथे घ्यायलाच हवं, कारण ‘स्थलांतर’ म्हटल्यानं सगळ्यात मोठी लपवालपवी तिथे होते. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. वैनगंगेच्या फुगवट्यात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं गेली. त्या गावांबद्दल ‘गावाचे स्थलांतर झाले’ असं लिहिलेलं वाचलं की मला त्रास होतो. त्या वाक्यात गाव जणू दुकानासारखं पत्ता बदलून गेलं. शेत, नदीचा घाट, मारुतीचं देऊळ, शेजार मागेच राहिला. संकटातल्या स्थलांतरात परत येणं गृहीत असतं: पाणी ओसरेल, कुलूप उघडू, चिखल उपसू. विस्थापनात परत यायला जागाच उरत नाही. म्हणून बातमीत ‘स्थलांतर’ लिहायचंच असेल तर पुरासाठी ‘तात्पुरतं’ हा एक शब्द पुढे जोडावा. तो जोडता येत नसेल, तर समजावं की आपण विस्थापनाबद्दल लिहितो आहोत.

युद्धातून आणलेल्या लोकांचं काय, असा प्रश्न माझ्या भाच्यानं विचारला. त्याचा मित्र २०२२ मध्ये युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. ‘ऑपरेशन गंगा’त सुमारे २२ हजार ५०० भारतीय परत आले. त्यांना ९० विमानफेऱ्यांनी आणलं, त्यांतल्या १४ हवाई दलाच्या. पण विमानं उडाली ती पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियातून. युक्रेनच्या आत विमान जाऊच शकत नव्हतं. म्हणजे बहुतेक मुलं रेल्वेनं, बसनं आणि कित्येक किलोमीटर थंडीत पायी चालत सीमेपर्यंत स्वतः पोचली. तो टप्पा त्यांचा होता. सीमेपासून पुढचा टप्पा सरकारचा. सुमी शहरात अडकलेल्या शेकडो विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. ती मुलं गोळीबारात बाहेर पडूच शकत नव्हती आणि बसगाड्यांतून त्यांना काढावं लागलं. तिथे ‘सुटका’ चपखल बसतो. बाकीच्यांसाठी ‘मायदेशी आणले’ म्हणणं खरं. भाचा म्हणाला, “पण मावशी, सगळ्यांनी तर ‘सुटका’च लिहिलं होतं.” लिहिलं होतं, आणि म्हणूनच त्या मुलांचं चालणं दिसेनासं झालं.

हा शब्दांचा हट्ट नाही. आकडे मोजताना हा फरक जिवावरचा होतो. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आलं तेव्हा त्याच किनाऱ्यावरून वादळाच्या आधीच दहा लाखांच्या आसपास लोकांना निवाऱ्यांत नेलं होतं, आणि २०१९ च्या ‘फनी’ वेळी सुमारे बारा लाखांना. दोन्ही वेळा ओडिशातल्या मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. ही लाखो माणसं कुठेही अडकली नव्हती, टीव्हीवर दाखवण्यासारखं त्यांच्या बाबतीत काही घडलंच नाही. बोटीतून, दोरावरून होणारी सुटका दिसते, तिचे फोटो येतात. वेळेत झालेलं स्थलांतर दिसत नाही. दोन्हींना एकच शब्द लावला की ‘चारशे जणांना वाचवलं’ हे यश म्हणून छापलं जातं आणि त्या चारशे जणांना आधी निघता का आलं नाही, हा प्रश्न वाक्यातूनच गळून पडतो. आजींसारख्यांच्या बाबतीत तो प्रश्न मला विचारावासा वाटतो. पहाटे पलंगाला पाणी लागेपर्यंत त्यांना कोणी उठवलं नव्हतं.

नागपूरला तर हा फरक सगळ्यात आधी कळायला हवा. देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून या शहरात आहे. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालयही त्याच वर्षी इथे सुरू झालं. तालमीसाठी आम्हाला मार्गदर्शन करायला एक निवृत्त अग्निशमन अधिकारी आले होते. त्यांनी दोन्ही शब्द एका गोष्टीनं जोडून दाखवले, आणि ती गोष्ट म्हणजे हजेरी.

ते म्हणाले, “बंब घेऊन आम्ही पोचलो की पहिला प्रश्न एकच: आत कोणी राहिलं आहे का? तुम्ही सगळे मैदानात एका जागी उभे असाल आणि कोणीतरी नावं मोजली असतील, तर उत्तर मिळतं. ‘तिसऱ्या मजल्यावरचे देशमुख दिसत नाहीत.’ मग आमची माणसं सरळ तिसऱ्या मजल्यावर जातात. पण देशमुख मागच्या दारानं निघून न सांगता सासुरवाडीला गेले असतील, तर माझा एक मुलगा धुरात त्यांना शोधत फिरतो.” एवढं बोलून ते थोडा वेळ थांबले. असा कोणी त्यांनी खरंच गमावला होता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणजे बाहेर पडणं नीट झालं तरच सुटका नेमकी होते. हे कळल्यावर मी जुनी नोटीस काढली. नवी लिहिली: ‘रविवारी सकाळी ९ वाजता भोंगा वाजेल. सामान न घेता जिन्याने बाहेर पडा. लिफ्ट वापरू नका. समोरच्या मैदानात कडुनिंबाखाली थांबा. हजेरी होईपर्यंत कोणीही निघून जाऊ नये.’ ‘स्थलांतर’ कुठेच नाही, ‘आपत्कालीन’ही नाही.

रविवारी यादीत ६३ नावं होती आणि कडुनिंबाखाली ६० माणसं. एक मुलगा कानात हेडफोन घालून झोपला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते दारापर्यंत येऊन थांबले होते, आणि त्यांना एकटं सोडवेना म्हणून काकूही. त्या तिघांकडे बघूनच यादी पुन्हा आखायचं ठरलं. आता तिच्यात दोन रकाने आहेत. पहिला, ‘स्वतः निघतील’. दुसरा, ‘न्यावं लागेल’, आणि त्यापुढे कोण नेणार त्या दोघांची नावं. काकांच्या पुढे चौथ्या मजल्यावरच्या दोन तरुणांची नावं आली. काकू पहिल्या रकान्यात गेल्या, त्यांनी थांबायचं नाही असं त्यांना तिघांनी मिळून समजावलं.

आजींचं वय बघून सेक्रेटरींनी त्यांचं नाव दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं. त्यांनी पेन मागून घेतला.

“खोडा ते. एकदा मले उचलून नेलं. तळमजल्यावर राह्यते मी, तीन पायऱ्या आहेत. मले वेळेवर हाक मारा फक्त.”

त्यांच्या नावापुढे आता दार वाजवणाऱ्याचं नाव आहे. ते माझं.